टोपलीतली माय

इतरांच्या घरी देव बसलेले असत, आमच्या घरी देव निघालेला होता. असं म्हटलं की माझ्या नातसुना हसतात. आजींचं काहीतरीच, म्हणतात. पण खरोखर तसंच होतं. अमळनेरपासून दीड कोसावर आमचं गाव, गावाच्या कडेला आमचं धाब्याचं घर, आणि घराच्या मधल्या खोलीत पाटावर एक वेताची झाकणाची टोपली. टोपलीत ज्वारीच्या कडब्याची गादी, गादीवर मऊ लुगड्याचा तुकडा, आणि त्यावर वीतभर उंचीची, शेंदराने लालभडक झालेली माय. तिला देव्हारा नव्हता, चौथरा नव्हता. तिच्या बुडाला चुना किंवा गारा लावायचा नाही, भिंतीत कोनाडा करायचा नाही, टोपलीच्या दोन्ही कड्यांना बांधलेले दोर सोडायचे नाहीत, अशी आमच्या घराची शिस्त होती. उचलायची म्हटली तर दोन माणसांनी तिला पापणी लवायच्या आत उचलून बाहेर पडता आलं पाहिजे.

याचं कारण आम्हाला दूध पाजतानाच सांगितलं गेलं असावं, कारण ते कधी नव्याने ऐकल्याचं मला आठवत नाही. आमचे पूर्वज वसईकडचे, खाडीकाठचे. तिथे फिरंग्यांचं राज्य आलं. त्यांच्या पाद्र्यांनी देवळं पाडायला घेतली, घरात देव सापडला तर माणसाला धरून नेऊ लागले. मग एका पहाटे आमच्या पूर्वजांनी देवळातली माय मासळीच्या टोपलीत घातली, वरून सुकट पसरली आणि खाडी ओलांडली. पुढे घाट चढले, नाशिककडे काही पिढ्या राहिले, आणि पोटामागे हिंडत हिंडत तापीच्या खोऱ्यात आले. निघताना मागे राहिलेल्या भाऊबंदांना त्यांनी शब्द दिला होता, की माय आमची नाही, तुम्हा सगळ्यांची आहे. दिवस बरे आले की बोलावणं धाडा, आम्ही तिला घेऊन येऊ. फिरंगी गेले, पेशवे आले, पेशवे गेले, गोरे आले, पण बोलावणं काही आलं नाही. आमचे लोक शेतीत रुतले, बोली बदलली, मासळीचा वासही सोसेना, आणि तरी माय टोपलीतच राहिली. त्या मूळ गावाला आमच्या घरी नावाने कोणी संबोधत नसे. आमच्या अहिराणीत 'तिथे'ला 'तठे' म्हणतात. आम्ही त्या गावालाच 'तठे' म्हणायचो. तठे आंबे लवकर लागतात, तठे विहिरीला पायऱ्या असतात, असं सगळं छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्यापैकी एकानेही तठे पाहिलेलं नव्हतं.

मायचं सगळं फुई करायची. फुई म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. गाव तिला अक्का म्हणायचं. बाराव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी नवरा पटकीने गेला, आणि ती एका बैलगाडीतून जशी गेली होती तशीच परत आली. तेव्हाच्या विधवेचं घरात काय स्थान असायचं ते मी सांगायला नको. सकाळी तोंड दिसू नये म्हणून बायका पदर ओढून घेत. पण आमच्या आजोबांनी तिच्या हातात टोपली दिली. माय स्वतःच घर सोडून आलेली, तिला काय शकुन-अपशकुन, असं ते म्हणाले म्हणे. मी त्या आजोबांना पाहिलं नाही, पण एवढ्या एका वाक्यासाठी त्यांना मनोमन नमस्कार करते. त्या दिवसापासून फुईची किंमत बदलली. गावात कोणाचं मूल तापलं, कोणाची म्हैस अडली, की लोक फुईकडे येत. लग्नघरची बाईसुद्धा फुईच्या हातून मायचा अंगारा घेऊन जाई. फुई सकाळी उठून टोपलीचं झाकण उघडायची, तो करकर आवाज हेच आमचं घड्याळ. मग ती मायला कोमट पाण्याने अंघोळ घालायची, तेल-शेंदूर लावायची, आणि आदल्या दिवसभराच्या बातम्या सांगायची. कपाशीला बोंडअळी लागली, अमक्याच्या सुनेला मुलगी झाली, तारी शाळेत पहिली आली. तारी म्हणजे मी. मायला माझा पहिला नंबर कळला पाहिजे याची फुईला फार काळजी असे. मला आई होती, चांगली होती, पण तिच्यामागे चार लहानग्यांची कटकट होती. मी वाढले ती फुईच्या पदराला धरून. ती चुलीपुढे बसून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायची आणि पहिली भाकरी मला, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार. तसला ठेचा आता माझ्या पोटाला चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलाय. डॉक्टरांना काय कळतंय.

आमच्या घरचा खरा सण म्हणजे निघायचा दिवस, माघातली नवमी. त्या दिवशी सकाळी प्रवासाची तयारी खरोखरची व्हायची. आई दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या करायची, भरीत व्हायचं, शेंगदाण्याची चटणी कांडली जायची, आणि सगळं फडक्यात बांधून शिदोरी तयार. नाना डोक्याला फेटा बांधायचे, हातात काठी घ्यायचे. नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ टोपली उचलून उंबऱ्याबाहेर सात पावलं चालायचे, मावळतीकडे तोंड करून उभे राहायचे. गल्ली जमलेली असायची. मग नाना मोठ्याने विचारायचे, "बोलावणं उनं का?" उनं म्हणजे आलं. फुई टोपलीशेजारून उत्तर द्यायची, "आजून नही उनं." "मंग घरमा चाल, माय," असं म्हणून नाना वळायचे आणि पोरंटोरं शिदोरीवर तुटून पडायची. ओट्यावर बसून सगळ्या गल्लीने दशम्या खायच्या. निघायचा दिवस हा खरं तर न निघण्याचाच सण होता आणि त्यात सगळेच खूश होते. मला वाटतं, त्या गर्दीत खऱ्या बोलावण्याची वाट बघणारं कोणीही नव्हतं.

मी तेरा वर्षांची होते, चौथी पास झाले होते, त्या वर्षी पौषात पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. नाना सरकी काढायच्या जिनात कपाशी घालायला गेले होते, आई नदीवर. फुई अंगणात शेंगा फोडत होती. तिने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यासमोर धरलं. "तारी, हाई काय लिखेल शे? वाच बरं." घरात वाचता येणारी बाई मी एकटी, त्यामुळे मला केवढा तोरा. मी मांडी घालून बसले, घसा खाकरला आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं. शब्द अडला तिथे पुन्हा वाचलं, म्हणजे फुईला नीट कळावं. पत्र तठून आलेलं होतं. तिकडचा एक माणूस अमळनेरला कापसाच्या पेढीवर कारकून होता, त्याच्याकडून त्यांना आमचा पत्ता लागला होता. जुन्या जागी देऊळ पुन्हा बांधून झालं आहे, गाभारा रिकामा आहे, आपल्या पूर्वजांनी जपलेली देवी आपण परत द्यावी, गाव आपली वाट पाहत आहे. मी शेवटची सहीसुद्धा वाचली.

फुईच्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या होत्या. तिने त्या एकेक वेचल्या. मग माझ्या हातातून पत्र घेतलं, आत गेली, मायला दोन्ही हातांनी उचलून कडब्याखाली ते सरकवलं आणि मायला पुन्हा त्यावर बसवलं. "कोणले सांगू नको," ती म्हणाली. "नानाले बी नही." मी मान हलवली. फुईने आयुष्यात मला काही लपवायला सांगितलं ते एवढंच. नंतरचे वीस-बावीस दिवस ती नेहमीसारखीच वागली, फक्त मायला बातम्या सांगायची बंद झाली. अंघोळ घालायची, शेंदूर लावायची, आणि तिच्या तोंडाकडे न बघता झाकण लावायची. मला तेव्हा वाटलं, पत्र लपलं म्हणजे संपलं. आणखी चार वर्षांनी कोण विचारतंय? माझ्या हिशेबात नवमी आलीच नव्हती.

नवमी आली. दशम्या झाल्या, शिदोरी बांधली, नानांनी फेटा बांधला. टोपली बाहेर आली, सात पावलं झाली. नानांनी विचारलं, "बोलावणं उनं का?"

फुई टोपलीचा दोर चाचपत राहिली. नानांना वाटलं तिचं लक्ष नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी गर्दीत पुढे होते आणि फुईकडे डोळे फाडून बघत होते. मनातल्या मनात 'नही म्हण, नही म्हण' चाललं होतं. फुईचे ओठ नुसते हलत होते. मग ती मायकडे बघत म्हणाली, "उनं."

काही जण हसले. अक्का म्हातारी झाली, चुकली, असं कोणीतरी म्हणालं. नाना म्हणाले, "काय सांगी राह्यनी, अक्का?"

"बोलावणं उनं, भाऊ. मायना खाले शे."

नानांच्या धाकट्या भावाने टोपलीत हात घातला आणि पत्र काढलं. ते तेलाने डागाळलं होतं. मला पुढे बोलावून पुन्हा वाचायला लावलं, आणि या वेळी माझा आवाज खणखणीत नव्हता. वाचून झालं तरी शिदोरी कोणी सोडली नाही. वळताना काय म्हणायचं ते नानांना माहीत नव्हतं, कारण त्या वाक्याशिवाय दुसरं वाक्य आमच्या घराला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी टोपली तशीच आत नेली. दुपारी गोठ्यात नाना फुईला म्हणाले ते मी ऐकलं. "एक डाव 'नही' सांगती तं काय व्हतं, अक्का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काकुळत होती. फुई म्हणाली, "मायना तोंडसमोर? इतल्या पिढ्या खरं बोलन्यात, आनि मीच खोटी पडू?" नाना बैलापुढे कडबा टाकू लागले. आता सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. नाही म्हणायची वेळ सकाळीच निघून गेली होती, आणि ती वेळ आमच्यापैकी एकालाही साधता आली नव्हती. मला मात्र नानांचा फार राग आला. ते घरातले कर्ते होते, त्यांनी पाय रोवून उभं राहायला हवं होतं, असं मला वाटे. आज वाटतं, ते कुणाविरुद्ध पाय रोवणार होते? समोर फिरंगी असता तर टोपली उचलून पळता आलं असतं. समोर आपलीच माणसं हात जोडून उभी होती.

फाल्गुनात तठून तीन जण आले. दोन तरुण आणि एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, त्यांना ते काका म्हणत होते. माणसं गरीब, अदबशीर. आल्या आल्या त्यांनी टोपलीपुढे लोटांगण घातलं आणि काका लहान मुलासारखे रडले. त्यांचा दुस्वास करायचा मी ठरवलं होतं, ते जमेना. आईने पुरणाचे मांडे केले. खापरावरचे एवढाले मांडे पाहून ते चकित झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. फुईने मायला शेवटची अंघोळ घातली आणि तिथेच बसून त्यांना सगळं समजावून सांगायला लागली. शेंदूर कोणत्या तेलात कालवायचा, थंडीत पाणी किती कोमट, नैवेद्याला खोबऱ्याचा तुकडा का लागतो. काका एकेका गोष्टीला "होय बाई, होय बाई" म्हणत होते. फुईने विचारलं, "मी येऊ का संगे? थोडा दिन. तिले सवय व्हईलोंग." काका अवघडले. म्हणाले, "बाई, आता पूजेला भटजी नेमलेत. गाभाऱ्यात त्यांनाच जाता येतं. तुम्ही प्रतिष्ठेला या, मानानं या. पत्र घालतो." फुईने मान डोलावली. ज्या अंगाला तिने चाळीस वर्षं रोज हात लावला, त्याला आता लांबून हात जोडायचे होते. ती वादही घालू शकत नव्हती, कारण ती माणसं काही वाईट बोलत नव्हती.

मग तिला एकदम आठवलं. तिने मायचं तोंड उजेडाकडे वळवलं, उजव्या कानामागचा शेंदूर नखाने हळूच बाजूला केला आणि काकांना जवळ बोलावलं. "हाई देखा. आठे तडा शे. मानलगून जास. बठ्ठास्ले दिखत नही, मालेच माहीत शे. या जागावर पाणी जोरमा टाकू नका. मऊ फडकं फिरावा, नहीतं दुखी तिले." मला तो तडा त्या दिवशीच पहिल्यांदा दिसला. केसाएवढी रेघ, कानामागून मानेपर्यंत गेलेली. पळून येताना कुठेतरी लागलं असणार. काकांनी बोट फिरवून पाहिलं, तरुणांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंत," काका म्हणाले. फुईने पुन्हा शेंदूर लावून जागा झाकली आणि झाकण बंद केलं.

अमळनेर स्टेशनावर निम्मं गाव आलं होतं. सुरतेकडची गाडी लागली. काकांनी टोपली मांडीवर घेतली, कोणालाही ती वरच्या फळीवर ठेवू दिली नाही, हे मला आवडलं. फुई खिडकीशी उभी होती. गाडी हलली तेव्हा ती दोन पावलं चालली आणि थांबली. रडली नाही. परतताना गाडीवानाने बैल हाकत सहज म्हटलं, "अक्का, आते तुले आराम." 

घरी मधल्या खोलीत पाट रिकामा राहिला. फुई सकाळी त्याच वेळेला उठायची आणि मग काय करावं ते तिला सुचायचं नाही. अंगारा मागायला येणारे लोक आधी सवयीने आले, मग येईनासे झाले. पुढच्या लग्नसराईत शेजारच्या घरी हळदीला सगळ्या बायकांना बोलावणं आलं, फुईला आलं नाही. हे कोणी दुष्टपणाने केलं नसेल. विसरले असतील. पण फुई त्या दिवशी नदीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत गोधड्या धूत बसली. मी तिच्यासोबत होते. मला ओरडून भांडावंसं वाटत होतं आणि कोणाशी भांडायचं ते कळत नव्हतं. फुई त्यानंतर तीन पावसाळे जगली. तठे जाऊन मायला बघून येऊ, असं ती दर दिवाळीला म्हणायची, आणि नाना दर वेळी कपाशीचं, बैलांचं, गाड्यांच्या गर्दीचं निमित्त काढायचे. ते निमित्त का काढतात हे घरात नानांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं.

कारण त्याच वर्षी वैशाखात तठून दुसरं पाकीट आलं होतं, आणि ते मी नंतर एकट्या नानांना दाखवलं होतं. त्या दिवशी फुई ओसरीवर कुरडया वाळवत होती. पाकिटात कागदात बांधलेला कुंकवाचा प्रसाद होता. तो तिने आधी कपाळाला लावायला घेतला, मग विधवेने कुंकू कसं लावायचं म्हणून बोट थांबवलं आणि ते माझ्या कपाळाला लावलं. "वाच," ती म्हणाली.

मी पहिल्या ओळी मनात वाचल्या. काकांनीच लिहिलं होतं, सुवाच्य, नम्र अक्षरात. शास्त्रीबोवांनी मूर्ती पाहिली. मूर्ती खंडित असल्याने तिची प्रतिष्ठा करता येत नाही असा निर्णय झाला. जयपुराहून नवी संगमरवरी मूर्ती आणवून यथासांग स्थापना केली. जुन्या मूर्तीचं खाडीत विधिपूर्वक विसर्जन केलं. घाई झाली, कळवता आलं नाही, क्षमा असावी. आपल्या घरच्या बाईंनी तड्याविषयी आधीच सांगितलं, त्यामुळे गावाच्या हातून मोठा दोष होता होता टळला. त्यांचे उपकार आहेत.

फुई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला कुरडईच्या ओल्या चिकाचा वास येत होता आणि कागदावरची अक्षरं एकमेकांत शिरत होती. "वाच ना व," ती म्हणाली.

मी वाचलं. माय सुखरूप पोचली. देऊळ मोठं आहे, समोर विहीर आहे, विहिरीला पायऱ्या आहेत. स्थापनेला पाच गावं जेवली. मी पत्रावर बोट फिरवत वाचत होते, ओळ संपली की बोट खाली आणत होते. कुठे थांबायचं ते कळेना म्हणून आणखी वाचत गेले. सकाळी चौघडा वाजतो, खोबऱ्याचा नैवेद्य असतो. फुई प्रत्येक वाक्याला हुंकार भरत होती. पुढे मास्तरीण होऊन मी शेकडो मुलींना वाचायला शिकवलं, पण तेवढं अवघड वाचन मी पुन्हा केलं नाही.

"आनि तडाना काय लिखं शे?" तिने विचारलं. "काई लिखेल नही का?"

"शे ना," मी म्हणाले. "त्या जागाले जपतस म्हने. मऊ फडकाबन पुसतस."

फुईने मोठा श्वास सोडला. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला. तिने वाळणाऱ्या कुरडया एकेक उलटवायला घेतल्या.

"मंग बरं व्हयनं," ती म्हणाली, "मी सांगी दिन्हं ते."